मागच्या वर्षीची माझी पिकअपची पोस्ट चुकली होती, हा घ्या हिशोब



पोस्ट लांब आहे, पण अर्धी वाचून सोडू नका. मागच्या वर्षी मी अर्धवट माहितीवर एक पोस्ट टाकली होती, अन् तिचा फटका आपल्याच तालुक्यातल्या एका पोराला बसला. ती पोस्ट शेकडो लोकांनी शेअर केली होती. ही तेवढी शेअर होणार नाही हे मले माहीत आहे. तरी लिहितो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मे २०२४ मध्ये रात्री साडेअकरा वाजता मी रस्त्याच्या कडेला बसून लिहिलं होतं, "दोन इंधनाची पिकअप घेऊ नका. कंपन्या आपल्याले फसवून रायल्या. जुनं डिझेल ते जुनं डिझेल." सोबत बोनेट उघडं असलेल्या गाडीचा फोटो होता. मागे निंबाचे कट्टे दिसत होते.

त्या रात्रीचं सगळं आज पुन्हा सांगतो. तेव्हा जे सांगितलं नव्हतं तेही सांगतो.

माझ्याजवळ दोन पिकअप आहेत. एक २०१२ ची डिझेल. ती आता चुलतभाऊ चालवतो. दुसरी पेट्रोल-सीएनजीवाली, २०२३ च्या दिवाळीच्या आसपास घेतली, ती मी चालवतो. धंदा म्हणाल तर मिळेल ते भाडं. वाडेगावचा निंबू, भाजीपाला, सिमेंट, लग्नाचे मंडप, कधी कोणाचं घरसामान. बाळापूरहून अकोला, खामगाव, शेगाव हे रोजचं. सीझनमध्ये लांबचंही.

त्या दिवशी वाडेगावहून निंबू भरला अन् जळगावला निघालो. उन्हाळ्यात निंबाला भाव असतो, पण माल सकाळच्या लिलावाआधी पोचला पाहिजे. उशीर झाला, निंबू उन्हात तापला, की कट्ट्यामागं भाव पडतो. खामगाव सोडलं अन् नांदुऱ्याच्या अलीकडं गाडी झटके मारायला लागली. समोर पिवळा दिवा लागला. चढावर तर गाडी ओढेच ना. मी सीएनजीवरून पेट्रोलवर टाकली. गाडी थोडी बरी चालली. मी मनात म्हटलं, बस, गॅसची किटच खराब आहे. सात-आठ किलोमीटर गेलो अन् गाडी बंदच पडली.

पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, "पेट्रोलवरही चालेना." हे खरं होतं. पण का चालेना, ते लिहिलं नव्हतं. टाकीत पेट्रोलच नव्हतं.

सीएनजी स्वस्त पडते म्हणून मी महिनोन्महिने पेट्रोलचा काटा तळाला ठेवून गाडी चालवत होतो. दुसरं इंधन अडचणीच्या वेळेसाठी असते, अन् मी अडचणीच्या वेळेसाठी काहीच ठेवलं नव्हतं. त्यात पेट्रोलचा पंप टाकीत असते, तो पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहते. टाकी कायम कोरडी ठेवली तर तोही लवकर जाते. हे सगळं मले नंतर कळलं.

माल दुसऱ्या गाडीत टाकला, जळगावला दुपारी पोचला, शेतकऱ्याला भाव कमी भेटला. भाड्यातून मले काही सुटलं नाही. गाडी टोचन लावून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं पाच दिवस उभी राहिली. रोज फोन केला की एकच उत्तर, "पार्ट यायचा आहे." कोणता पार्ट, कशानं गेला, हे कोणी सांगे ना. पाचव्या दिवशी गाडी भेटली. इंग्रजीत छापलेलं जॉबकार्ड भेटलं. ते मी डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबलं. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण आजचा विषय तो नाही.

तर अशी ती पोस्ट होती. खाली दोन-तीनशे कमेंट. "बरोबर बोलले भाऊ." "दोन इंधनं म्हणजे दुप्पट बिघाड." "आमच्या साल्याची पण अशीच बंद पडली." मी प्रत्येकाले लाईक देत बसलो होतो. खोटं काय बोलू, बरं वाटत होतं.

आता या वर्षीची गोष्ट.

मार्चमध्ये वाडेगावच्या बाजारात एक पोरगा भेटला. पंचवीस-सव्वीसचा असेल. दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं ड्रायव्हर होता. चहा घेता घेता म्हणाला,

"भाऊ, तुमची ते पोस्ट म्या तीनदा वाचली होती. बाबाले वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी जाऊन बुकिंग कॅन्सल केली."

मी विचारलं, मग कोणती घेतली?

तर झालं असं होतं. त्यानं माझ्यासारखीच दोन इंधनाची पिकअप बुक केली होती. बापानं सोयाबीनचे पैसे दिले होते. माझी पोस्ट वाचून बुकिंग मोडलं अन् तिसऱ्या मालकाची जुनी डिझेल पिकअप घेतली, खासगी फायनान्सवर. जुन्या गाडीले व्याज जास्त लागते, हे आपल्याले माहीतच आहे. डिसेंबरात इंजिनचं काम निघालं. बोअर करावं लागलं. गाडी दीड महिना उभी. तीन हप्ते थकले अन् गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. बापाचे सोयाबीनचे पैसे गेले ते गेलेच.

मी म्हटलं, "लेका, एकदा फोन तरी करायचा होता मले."

तो म्हणाला, "वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस लिहून रायला, म्हणजे खरंच असन. त्याच्यात काय इचारायचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो मले दोष द्यायला आलाच नव्हता. चहाचे पैसेही त्यानंच दिले.

घरी आलो, जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर सांगितलं. आमच्या घरी गाड्यांचा हिशोब ती ठेवते. दोन्ही गाड्यांसाठी एकच लांब वही आहे. गाडी कधी निघाली, किती भाडं, किती डिझेल, किती गॅस, कुठं उभी राहिली, कोणाले किती दिले. ती म्हणाली,

"पोस्ट टाकली तवा मले इचारलं होतं काय? वही तं इथंच होती."

मग ती वही घेऊन बसली. पोरगी बारावीला आहे, ती गाडीतून ते चुरगळलेलं जॉबकार्ड घेऊन आली अन् वाचून दाखवलं. त्यात साफ लिहिलं होतं, चारही स्पार्क प्लग झिजलेले, दोन नंबरची इग्निशन कॉइल गेलेली, बदलली. गॅस किटमध्ये दोष नाही. अन् खाली एक ओळ होती, मागची सर्व्हिसिंग झालेली नाही.

म्हणजे कंपनीनं कारण दिलं होतं. मी दहा महिने वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्री चाचांकडं गेलो. जुन्या डिझेलचं सगळं काम तेच करतात. गोष्ट पूर्ण सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "प्लग कब बदले थे?" मी गप्प. त्यांनी समजावून सांगितलं. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. प्लग झिजला की त्याच्या दोन टोकांतलं अंतर वाढते, मग कॉइलवर ताण येते. रिकामी गाडी तशीच ढकलत राहते, पण माल भरला, चढ आला, की झटके मारते. पेट्रोलवर तोच प्लग थोडा निभावून घेते, म्हणून पेट्रोलवर गाडी बरी वाटली. मी त्यावरून ठरवलं की दोष गॅस किटचा.

आता वहीतला आकडा सांगतो. १ नोव्हेंबर २०२३ ते ३० एप्रिल २०२५, अठरा महिने.

जुनी डिझेल: २२ वेळा उभी राहिली, एकूण ३१ दिवस. दुरुस्तीचा खर्च ६१,४०० रुपये. यात पासिंगचे दिवसही धरले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागते, नव्या गाडीले दोन वर्षांचं भेटते.

नवी दोन इंधनाची: ४ वेळा उभी राहिली, एकूण ११ दिवस. खर्च २३,८०० रुपये. त्यातले पाच दिवस त्या प्लग-कॉइलचे. दोन दिवस दोन सर्व्हिसिंगचे. चार दिवस क्लचचे, अन् तो क्लच कशानं गेला तेही लिहितो. गाडी पास आहे एक टनाच्या आसपास, अन् मी सिमेंटचे छत्तीस पोते भरले होते. पन्नास किलोचं एक पोतं. करा हिशोब.

फेऱ्या तर नव्या गाडीच्याच जास्त आहेत. तरी मागच्या वर्षी मले छातीठोकपणे वाटत होतं की जुनी भरोशाची अन् नवी बेभरोशाची. ३१ दिवस उभी राहणारी भरोशाची, अन् ११ दिवस उभी राहणारी बेभरोशाची! हे असं काहून वाटलं, याचाच मी दोन महिने विचार करून रायलो.

मले सापडलेली कारणं सांगतो. पटली तर घ्या.

पहिलं. जुनी गाडी बिघडते ती माझ्या डोळ्यासमोर दुरुस्त होते. चाचा लिंबाच्या झाडाखाली बोनेट उघडतात, काय तुटलं ते हातात देतात, पार्ट अकोल्याहून दुपारच्या एस.टी.नं येते, पैसे पुढच्या आठवड्यात दिले तरी चालते. संध्याकाळी गाडी चालू. बावीस वेळा असं झालं, पण एकही वेळ लक्षात राहिली नाही. नवी गाडी एकदाच पाच दिवस उभी राहिली, पण त्या पाच दिवसांत मले काही दिसे ना, काही कळे ना. काचेच्या पलीकडं कोणीतरी लॅपटॉप लावून बसलेला, अन् मी इकडं बाकड्यावर. माणसाच्या मनात तेच बसते.

दुसरं, हप्ता. नवीचा महिन्याचा हप्ता १४,८५० रुपये. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी दिवसाचे ४९५ रुपये जातातच. जुनीले हप्ता नाही. तिचा उभा दिवस म्हणजे आराम. नवीचा उभा दिवस म्हणजे छातीवर दगड. म्हणून तिचा एक दिवस मले जुनीच्या पाच दिवसांएवढा वाटला.

तिसरं, स्टँडवरच्या गप्पा. आपण स्टँडवर बसतो तेव्हा कोणी असं सांगते काय, की आज माझी गाडी नीट चालली? सांगण्यासारखी गोष्ट बंद पडलेल्या गाडीचीच असते. साल्याची गाडी एकदा बंद पडली ती गोष्ट दहा जण सांगतात, अन् मग दहा गाड्या बंद पडल्यासारखं वाटते. याच्या उलटही असते. ज्यानं नुकतीच आठ-नऊ लाखांची गाडी घेतली तो तिचा दोष लवकर कबूल करत नाही. घरात अन् पाहुण्यांत इज्जतीचा प्रश्न असते. म्हणजे नवीन मालकाची तारीफही कच्ची, अन् जुन्या मालकाची शिवीही कच्ची.

अन् चौथं कारण म्हणजे "दोन इंधनं म्हणजे दुप्पट बिघाड" हे वाक्य. ऐकायला बरोबर वाटते. या गाडीले स्टँडवर सगळे "हायब्रिड" म्हणतात. पण ती हायब्रिड नाही, बाय-फ्युएल आहे. इंजिन एकच, इंधनं दोन. खरी हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनसोबत विजेची मोटर अन् मोठी बॅटरी. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद वीज होऊन बॅटरीत जाते. टोयोटाची प्रियस अशी १९९७ मध्ये जपानात आली. आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉससारख्या घरगुती गाड्यांत ते आलं. अमेरिकेत फोर्डची मॅव्हरिक नावाची छोटी पिकअप २०२१ पासून हायब्रिडमध्ये भेटते. आपल्या स्टँडवर तशी एकही नाही. पण उद्या आलीच, तर तिच्यावरही लोक हेच वाक्य चिटकवतील. एक इंजिन, वरून मोटर, वरून बॅटरी, म्हणजे तिप्पट बिघाड!

तिकडं अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाची संस्था दरवर्षी गाडीमालकांना विचारते. "गाडी कशी वाटते?" एवढंच विचारून ते थांबत नाहीत. मागच्या बारा महिन्यांत कोणता बिघाड झाला ते नोंदवून घेतात. २०२३ मध्ये त्यांनी तीन लाखांवर गाड्यांची माहिती जमा केली. त्यात साध्या हायब्रिड गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी बिघाड निघाले. अन् घरी प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये १४६ टक्के जास्त. दोन्ही हायब्रिडच, दोन्हीत इंजिन अन् मोटर. एकीत कमी, दुसरीत जास्त. म्हणजे नुसते भाग मोजून काही सांगता येत नाही. ते तंत्र किती मुरलेलं आहे, कोणी कसं बनवलं, हे पाहावं लागते. तो तिकडचा आकडा जसाच्या तसा आपल्या रस्त्याले लागू होत नाही. पण विचारायची पद्धत घेण्यासारखी आहे.

डिझेलवाले मित्र म्हणतील, आमच्या नव्या डिझेलचं काय? त्यांचंही थोडं सांगतो, कारण तिथंही हाच गोंधळ आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात नवी गाडी बीएस-६ झाली. डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० वर आला. सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी आली, तिले डीपीएफ म्हणतात. ती जाळी साफ व्हायला गाडी काही वेळ एका दमात, गरम होऊन चालावी लागते. आपण काय करतो? स्टँड ते गोडाऊन, गोडाऊन ते दुकान, पाच किलोमीटर चाललो की बंद. जाळी चोंदते, दिवा लागते, अन् आपण म्हणतो गाडी भिकार. काही जण जाळीच काढून टाकतात. ते बेकायदेशीर आहे, अन् उद्या वॉरंटीत काही मागायची सोय राहत नाही ते वेगळंच. आपल्याकडं हायवे मस्त झाला. त्यावर आठवड्यातून एकदा अर्धा तास एका वेगात गाडी नेली तर बऱ्याच जणांचा तो दिवा लागणारच नाही. पण हे विकताना कोणी समजावून सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, हा माणूस कंपनीचा एजंट झाला. नाही राजेहो. नवी गाडी स्वस्त पडली असं मी म्हणत नाही. अठरा महिन्यांत हप्त्यातच २,६७,३०० रुपये गेले. ज्याच्याकडं रोजचं भाडं पक्कं नाही त्यानं हप्त्याची गाडी घेताना दहादा विचार करावा. सीएनजीसाठी वाट वाकडी करावी लागते, रांगेत वेळ जाते, टाकीमुळं माल ठेवायला जागा अन् वजन कमी भेटते, भरल्या गाडीले चढावर दम कमी पडते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट करावी लागते, ते सिलिंडर २०० बारच्या दाबाचं असते, त्यात चालढकल करू नका. हे सगळं खरं आहे. त्या पोरानं सगळं समजून जुनी घेतली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं माझ्या रागावर भरवसा ठेवून घेतली, अन् मी त्याले राग आहे असं सांगितलंच नव्हतं. अनुभव म्हणून सांगितलं होतं.

सर्व्हिस सेंटरलाही मी सोडत नाही. चूक माझी होती, पण प्लग-कॉइलसाठी पाच दिवस? अन् ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याले त्याच्या भाषेत एक वाक्य सांगता येत नाही? "भाऊ, प्लग झिजले, सर्व्हिसिंग चुकवू नका." एवढं कोणी तोंडानं बोललं असतं तर ती पोस्ट मी त्याच आठवड्यात काढली असती.

म्हणून आता कामाचं. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पिकअप, छोटा हत्तीवाल्यांना माझ्या चार विनंत्या आहेत.

१) वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, किती दिवस उभी, किती पैसे. पाचच रकाने. अन् खरं लिहा, माल किती भरला होता तेही. आमच्या घरी ते बायको करते म्हणून निभावलं.

२) जॉबकार्ड मागून घ्या, फोटो काढून ठेवा, वाचता येत नसेल तर पोरापोरीकडून वाचून घ्या. कोणता पार्ट कशासाठी बदलला हे विचारल्याशिवाय सही करू नका.

३) खराच दोष असेल तर पोस्ट टाकून थांबू नका. लोक म्हणतात, मालवाहू गाडी धंद्याची, तिले ग्राहक कायदा लागू नाही. अर्धंच खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठीची खरेदी बाहेर ठेवली आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. आपली गाडी आपणच चालवून घर चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकते. अकोल्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूले फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा. दुसरं, एकाच मॉडेलात सुरक्षेचा दोष असेल तर गाड्या परत मागवायचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाडीची तक्रार मालक सरकारच्या पोर्टलवर करू शकते, अन् ठरलेल्या संख्येच्या वर तक्रारी गेल्या तर चौकशी लागते. आपण दोनशे जण कमेंटमध्ये शिव्या देतो, ती संख्या कुठंच मोजली जात नाही. तीच पोर्टलवर गेली तर मोजली जाते. अन् या दोन्ही ठिकाणी वही अन् जॉबकार्ड लागतेच.

४) हे आपल्या पुढाऱ्यांसाठी अन् आयटीआयवाल्यांसाठी. चाचांसारखे मिस्त्री या तालुक्याची वाहतूक चालू ठेवतात. पण नव्या गाडीचा दिवा कशानं लागला हे वाचायचं स्कॅनर त्यांच्याकडं नाही, अन् शिकवायले कोणी नाही. चाचा म्हणतात, "मशीन तो ले लूँगा, सिखाएगा कौन?" गावात संध्याकाळचे दोन महिन्यांचे वर्ग घ्या. बीएस-६, सीएनजी, पुढं इलेक्ट्रिक. नवी गाडी बाळापुरात दुरुस्त व्हायला लागली की तिच्यावर आपोआप भरवसा बसन. आज ती भरोशाची वाटत नाही याचं अर्धं कारण गाडी नाही, अंतर आहे. दुरुस्ती अकोल्यापलीकडं, अन् पार्ट त्याच्याही पलीकडं.

त्या पोराचं विचाराल तर मी त्याले जुनी डिझेल हिश्शावर चालवायला घे म्हटलं. चुलतभाऊ पावसाळ्यात शेतीत असतो, गाडी रिकामीच राहते. तो म्हणाला, "बाबाले इचारून सांगतो." अजून सांगितलं नाही. सांगेल किंवा नाही. त्याच्या बापाले माझ्यावर भरवसा वाटत नसन तर त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

मागच्या वर्षीची पोस्ट मी डिलीट केली नाही. तिच्या वर लिहून ठेवलं आहे, "हे चुकीचं आहे, नवीन पोस्ट वाचा," अन् इथली लिंक दिली आहे. ज्यांनी ती शेअर केली होती त्यांनी ही पण करावी, एवढीच विनंती.

अन् कमेंटमध्ये "माझी गाडी लय भारी" किंवा "लय भंगार" असं लिहू नका. गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली, मागच्या बारा महिन्यांत किती वेळा अन् किती दिवस उभी राहिली, कशानं, अन् माल किती भरत होते, एवढं लिहा. पन्नास जणांनी खरं लिहिलं तर पुढच्या दसऱ्याले गाडी घेणाऱ्या पोराजवळ कोण्या एकाच्या रागापेक्षा बरं काहीतरी असन.

आमची वही पाहायची असेल त्यानं घरी यावं. वही बायकोजवळ आहे, तिलेच विचारा.